हजेरी

मंगळवारी चार वाजता, मनामात, दुसऱ्या मजल्यावर
पाच खुर्च्या गोल मांडतात.
मागे भिंतीशी आम्ही,
ज्यांची तोंडं अजून चालतात.

नेरमीनबाई कार्ड वर धरतात: बर्फाचा माणूस.
कुणीच बोलत नाही.
हा शब्द हरवला नाही, बाई, हा आमच्याकडे कधी नव्हताच,
असं म्हणणार होते. म्हटलं नाही.

पुढचं कार्ड: छत्री.
कुंजुमोन डोक्यावर हात नेऊन बोटं उघडतो, मिटतो.
मारिसेल म्हणते, रेन, रेन. मग चिडून, नॉट रेन.
उस्ताझा बद्रियांनी छत्तीस वर्षं अरबी व्याकरण शिकवलं,
त्यांच्याकडे एकच शब्द उरलाय: ला.
नाही म्हणायला ला, हो म्हणायलाही ला,
दुसरा थोडा लांब.
आमचे हे म्हणतात: चावी.

बाई माझ्याकडे बघतात. बरोबर?
या खोलीत मराठीचा शब्दकोश मी, एकटी.
पहिले दोन महिने खोटं सांगितलं. बरोबर, म्हटलं.
चमचा म्हणजे बोट, बोट म्हणजे सोमवार,
सगळं बरोबर.
मग एकदा रात्री पाणी हवं होतं त्यांना
आणि मी तासभर पंखा चालू-बंद करत राहिले.
आता खोटं सांगत नाही.

गोदीत टाइमकीपर होते. सव्वीस वर्षं.
पहाटे पाचला, गेटवर, तीनशे चाळीस नावं,
कागदाकडे न बघता. पठाण, तमिळ, बिहारी, बंगाली,
ज्याचं त्याचं नाव त्याच्या आईनं ठेवलं तसं.
तांडेल हाक मारतो तेव्हा गावाकडून कुणी आल्यासारखं वाटतं,
असं एक जण म्हणाला होता. घरी येऊन मला सांगितलं,
जेवताना, दुसरंच काही बोलत असल्यासारखं.

आता सतरा म्हणायचं तर एकपासून निघावं लागतं,
आणि सतरावर थांबता येत नाही,
गाडी पंचवीसला जाऊन उभी राहते.
शिवी मात्र अख्खी येते, काना-मात्रेसकट.
एकदा बद्रियाबाईंसमोरच आली, कोळीवाड्यातली, ठेवणीतली.
मी जमिनीकडे बघत राहिले.
त्या हसल्या. ला-आ.

व्हिसा मार्चपर्यंत. मग हर्णै.
तिथे भाऊ आहेत, जागा आहे, मासळी आहे.
असा गोल नाही.

आज बाई म्हणाल्या, तू आधी त्यांचं नाव घे,
मग ते तुझं घेतील.
त्यांना कसं सांगू, आमच्यात घ्यायचं नसतं.
घ्यायचंच तर यमकाच्या आडून, चारचौघींनी अडवल्यावर.
एकतीस वर्षांत दोनदा घेतलं मी:
एकदा मांडवात,
एकदा इमर्जन्सीच्या खिडकीवर, स्पेलिंगसकट.
तेव्हा यमक नव्हतं.

मग मांडवातलंच म्हटलं. टेबलावर ठेका धरून,
त्यांचा डावा हात माझ्या हाताखाली:

बंदरात लागल्या होड्या, शिडं उतरली सारी,
हरिश्चंद्ररावांचं नाव घेते, उभी राहून दारी.

कुणाला काही कळलं नाही. मारिसेलनं टाळी वाजवली.

त्यांनी हात सोडवून घेतला. स्वतःच ठेका धरला.
बंद. बंद. बंदरात
लागल्या होड्या.
मी श्वास घेतला नाही.
शिडं उतरली सारी, हे एका दमात,
जणू नऊ महिने कुठे गेलंच नव्हतं.
मग थांबले. एसी घरघरत होता.
ओठ द्‌वर गेले, द्वारकेतल्या द्‌वर, मी पाहिलं,
तिथून घसरले,
आणि मोठ्यानं, गोदीतल्या आवाजात, म्हणाले:
गुलाम रसूल.

चुकलं हे त्यांना कळलं. डोळ्यांत दिसलं.
तरी नजर काढली नाही माझ्यावरून,
गेटवर पेन्सिल उचलून थांबायचे तसे थांबले.

हजर, मी म्हटलं.

समोरच्या छत्रीवर त्यांनी
डाव्या बोटानं खूण केली.